कुलूप चाकाला होतं की सायकलला?

प्रश्न : लोखंडी रॅकला यू-लॉकने (इंग्रजी 'यू' आकाराच्या जाड दांड्याच्या कुलपाने) लावलेली माझी सायकल चोरीला गेली. कुलूप मागच्या चाकातून घातलं होतं. चोराने ते कापलं. विमा कंपनी म्हणते, कुलूप फ्रेममधून नव्हतं, म्हणून क्लेम नामंजूर. कापलेलं कुलूप मी फेकून दिलं, फोटो मात्र आहेत. काय करू?

उत्तर : पोलिसांत तक्रार आणि फ्रेम नंबर दिला असेल, असं धरून चालतो. अशा पत्रांचा माझ्याकडे गठ्ठा आहे. बहुतेकांनी पॉलिसी पहिल्यांदा उघडलेली असते ती सायकल गेल्यावरच. असो.

तुमचं घोडं एका वाक्यावर अडलंय. कुलपाचं कलम काढा. 'सायकल अचल वस्तूला जखडलेली असावी' असं लिहिलंय, की 'कुलूप फ्रेममधून ओवलेलं असावं' असं? नामंजुरीच्या पत्रात उतरवलेलं वाक्य धरू नका, मूळ पॉलिसी वाचा.

पहिलं असेल तर तुम्हाला भांडायला जागा आहे. फ्रेमच्या मागच्या त्रिकोणात, म्हणजे सीटखालून मागच्या चाकाच्या आसापर्यंत जाणाऱ्या नळ्यांच्या आत, रिम आणि टायर कवेत घेऊन यू-लॉक लावलं, की चाक त्या त्रिकोणातून निघत नाही आणि फ्रेमही रॅक सोडत नाही. शेल्डन ब्राउन या अमेरिकन मेकॅनिकने ही पद्धत सायकलवाल्यांत रुजवली. क्लेम तपासणाऱ्या सर्व्हेअरला पटत नसेल तर त्याच्यासमोर दुसरी सायकल तशी लावून दाखवा. चार पानी पत्रापेक्षा तेच बरं. पण कुलूप त्रिकोणाच्या आतच होतं ना? टायरच्या मागच्या बाजूला असेल, तर चाक तिथेच सोडून बाकीची सायकल नेता येते, आणि मग कंपनीचंच म्हणणं खरं. 'मागच्या चाकातून' एवढं मोघम तुम्ही मलाही लिहिलंत. तक्रारीतही तेच असेल तर खरं काय ते सांगणारा पुरवणी जबाब द्या. जुन्या जबाबात खाडाखोड नको.

दुसरं वाक्य असेल तर अटीचा भंग झाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. मग मुद्दा एकच उरतो : चोराने कुलूपच कापलं, ते फ्रेममधून असतं तरी सायकल गेलीच असती. अट मोडल्यामुळे नुकसान झालेलं नाही. हा युक्तिवाद कुठे चालतो, कुठे नाही; ते पॉलिसीची भाषा आणि तुमच्याकडचा कायदा यांवर ठरेल. खात्री देत नाही.

आणि नेमका इथेच कामाचा पुरावा तुम्ही कचऱ्यात टाकलात! ग्राइंडरने कापलेली कड सपाट, चकचकीत असते, कधी तापून निळसर झालेली. बोल्ट कटरने चिमटलेली कड वेगळी दिसते. दोन्ही टोकांना खिट्टी असलेलं यू-लॉक सहसा दोनदा कापावं लागतं. हे सगळं त्या तुकड्यांवर होतं. आता फोटोंवर भागवा. मूळ फाइल तशीच ठेवा, क्रॉप करू नका. कुलपाच्या दोन्ही किल्ल्या आणि पावती शोधा, पावतीवर मॉडेल असेल तर उत्तम.

नामंजुरीच्या पत्रात फेरविचाराची मुदत दिली असेल, तर त्याआधी लेखी अर्ज द्या. फोनवरचं बोलणं नको. मुदत गेली की प्रकरण कोर्टात जाऊ शकतं, आणि तिथे पहिल्या दोन-तीन तारखा तर कंपनीचा वकील कागद मागण्यातच घालवील.