सेसनावर शिकलेल्या माणसाने टेलव्हील विमान सुरक्षितपणे कसं शिकावं?

तुम्ही लिहिलंय की पीपीएल (खासगी वैमानिकाचं लायसन्स) झालंय, सेसना १५२वर पन्नासेक तास भरलेत, उन्हाळ्यात अमेरिकेत भावाकडे तीन महिने जाणार आहात आणि तिथे शेपटीला चाक असलेलं विमान शिकायचं आहे. मित्रांनी ‘ग्राउंड लूप एकदा तरी होतोच’ म्हणून घाबरवलंय. शिवाय असं विमान आपल्या सोलापूरच्या हवेत चालेल का, हेही विचारलंय.

मीही सोलापूरचाच, जुळे सोलापुरात वाढलेला. माझं पीपीएलही सेसनावरच झालं. पुढे नोकरीसाठी दोन वर्षं अमेरिकेत होतो, तेव्हा सिटाब्रिया या दोन सीटांच्या विमानावर टेलव्हील शिकलो. ‘एकदा तरी होतोच’ हे मला मान्य नाही. माझा झाला नाही, पण होता होता राहिला. तो प्रसंग खाली सांगतो, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होईल.

आधी हे का होतं ते समजून घ्या. गाळपाच्या हंगामात होटगी रोडला दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर तुम्ही पाहिलेच असतील. पुढे जाताना ट्रॉल्या मुकाट मागून येतात. तोच ट्रॅक्टर रिव्हर्स घेताना बघा. ट्रॉली जराशी तिरकी झाली की ती आपणहून आणखी तिरकी होत जाते. ड्रायव्हरने वेळेवर स्टिअरिंग फिरवलं तर सावरते, नाहीतर कोन इतका वाढतो की गाडी पुढे घेतल्याशिवाय सरळ होत नाही. टेलव्हील विमान जमिनीवर त्या रिव्हर्समधल्या ट्रॉलीसारखं वागतं. सेसनात तिसरं चाक नाकाखाली आणि वजनाचा मध्य मुख्य चाकांच्या पुढे असतो, त्यामुळे नाक थोडं वळलं तरी चाकांचं घर्षण विमानाला पुन्हा सरळ ओढतं. टेलव्हीलमध्ये तो मध्य मुख्य चाकांच्या मागे असतो. नाक वळलं की मागचं वजन सरळ जायला बघतं, चाकं अडवतात, आणि शेपूट पुढे यायची धडपड करते. वळण स्वतःच वाढत जातं. एका मर्यादेपलीकडे रडर, म्हणजे पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू, पूर्ण दाबूनही काही होत नाही, विमान गर्रकन फिरतं, बाहेरच्या बाजूचा पंख जमिनीला घासतो, कधी चाकाचा पायही मोडतो. यालाच ग्राउंड लूप म्हणतात. माणसाला सहसा फार लागत नाही, पण विमान कित्येक महिने हँगरमध्ये पडून राहतं.

म्हणजे सगळा खेळ वळण लहान असतानाच पकडण्याचा आहे. मला हे पटलं ते गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज आठवून. बाराबंदी घातलेला माणूस एवढा उंच ध्वज तोलत चालतो. ध्वज कलल्याचं बघणाऱ्यांना दिसायच्या आत त्याचं पाऊल आणि कंबर हललेली असते. त्याने ध्वज कललेला दिसेपर्यंत थांबायचं ठरवलं तर तो ध्वज सावरणारच नाही. रडरवर पाय असेच लागतात: थोडं दाबा, सोडा, दुसरीकडे थोडं दाबा, सोडा. सेसनात आपण पाय एकदा दाबून धरतो आणि विसरतो. इथे दाबून धरलेला पाय हीच पुढची चूक असते.

आता माझा प्रसंग. तिसरा दिवस होता. शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या आसपासच्या. सिटाब्रियात शिकणारा पुढे आणि शिकवणारा मागे बसतो, त्यामुळे त्यांचा चेहरा कधी दिसायचा नाही, फक्त हेडफोनमध्ये आवाज. त्या दिवशी डावीकडून सहा-सात नॉट वारा होता. लँडिंग सुंदर झालं, तिन्ही चाकं एकदम टेकली. मला वाटलं, झालं. उकडत होतं म्हणून डाव्या हाताने खिडकीची कडी सोडायला गेलो. विमान अजून पळत होतं, वेग फार तर एखाद्या मोटरसायकलचा. तेवढ्यात वाऱ्याने शेपटीला ढकललं आणि नाक डावीकडे निघालं. मी दचकून उजवा पाय दाबला, जोरात दाबला आणि दाबूनच धरला. नाक परत आलं, मधली रेषा ओलांडून उजवीकडे गेलं आणि तिकडे वेगाने वळू लागलं. मग मागून बाईंचा एकदा डावा रडर, क्षणभर डावा ब्रेक, थोडं थ्रॉटल (इंजिनचा जोर), आणि विमान थांबलं. समोर धावपट्टी नव्हती, कडेचं गवत होतं. कडी अर्धी उघडलेली तशीच राहिली होती.

बाई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, “विमान दोराने बांधून होईपर्यंत तू उडतोयस असंच समज.” त्या क्षणी माझे हात थरथरत होते. त्यानंतर हँगरपाशी इंजिन बंद होईपर्यंत मी कधी खिडकीला हात लावला नाही, रेडिओची फ्रीक्वेन्सी बदलली नाही, घामही पुसला नाही. वेग कमी होत जातो तसा रडरला मिळणारा वाराही कमी होतो, म्हणजे विमान मंद झालेलं असतानाच तुमच्या हातात सगळ्यात कमी असतं. मला जे क्षण सुटकेचे वाटले होते तेच सगळ्यात नाजूक होते.

आता शिकायचं कसं, ते सांगतो.

पहिल्या तासाला विमान सुरू करायची घाई करू नका. माझा पहिला अर्धा तास इंजिन बंद ठेवून नुसतं बसण्यात गेला. तिन्ही चाकं जमिनीवर असताना नाक क्षितिजाला कुठे कापतं, डावीउजवीकडे किती जमीन दिसते, ते चित्र डोळ्यांत साठवायचं. थ्री पॉइंट लँडिंगमध्ये, म्हणजे तिन्ही चाकं एकदम टेकवताना, जमिनीपासून काही इंचांवर हेच चित्र परत आणायचं असतं. हे चित्र ज्याच्या डोळ्यात बसलं नाही तो फ्लेअरमध्ये, म्हणजे टेकण्याआधी नाक उचलताना, अंदाजाने स्टिक (हातातला दांडा) ओढत बसतो. विमान एकतर आधीच टेकून उसळतं, नाहीतर उंचावरून आपटतं.

मग टॅक्सी, म्हणजे विमान जमिनीवरून चालवणं. नाकामुळे समोरचं नीट दिसत नसेल तर नागमोडी वळत जायचं आणि प्रत्येक वळणावर बाजूने पुढे बघायचं. चालण्याच्या वेगापेक्षा जास्त नको. वारा समोरून तिरका असेल तर स्टिक मागे आणि वाऱ्याकडे. मागून तिरका असेल तर स्टिक पुढे आणि वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला. सेसनात हे परीक्षेपुरतं पाठ केलेलं असतं, इथे प्रत्येक वळणावर हात आपोआप बदलले पाहिजेत. ब्रेकवर विसंबून राहू नका. जोरात ब्रेक मारला तर शेपूट उचलली जाते, प्रोपेलर जमिनीला लागतो आणि इंजिन खोलावं लागतं.

टेकऑफला नाक डावीकडे ओढतं हे तुम्हाला माहीत आहेच. शेपूट उचलताना फिरणाऱ्या प्रोपेलरच्या जायरोस्कोपिक परिणामाने ते आणखी एकदा डावीकडे झटका मारतं. म्हणून शेपूट झटक्यात उचलायची नाही, सावकाश उचलायची, आणि उचलताना उजवा पाय तयार ठेवायचा. नजर नाकावर नको, धावपट्टीच्या पार टोकाला हवी. नाक थोडंसं सरकलं तरी लांबवरच्या बिंदूवर ते लगेच कळतं.

लँडिंगच्या दोन पद्धती आहेत. थ्री पॉइंटमध्ये तिन्ही चाकं एकत्र टेकतात, वेग कमी असतो, आणि टेकल्यावर स्टिक पोटापर्यंत मागे खेचून धरायची म्हणजे शेपटीच्या चाकावर वजन राहतं. व्हील लँडिंगमध्ये पुढची दोन चाकं आधी टेकतात, वेग जास्त असतो, आणि टेकताक्षणी स्टिक हलकेच पुढे करून चाकं जमिनीला चिकटवायची. झोडपणाऱ्या वाऱ्यात कोणती चांगली यावर वैमानिक रात्रभर भांडतील. माझं मत विचाराल तर आधी थ्री पॉइंट हाडात भिनू द्या, मग दुसरी. आडवा वारा असेल तर वाऱ्याकडचा पंख खाली, उलटा रडर, आणि वाऱ्याकडचं चाक आधी टेकवायचं. टेकल्यावर एलेरॉन (पंख झुकवणारी पट्टी) सोडायचा नाही, उलट वेग उतरेल तसा वाढवत पूर्ण न्यायचा. सेसनावरून आलेले आपण सगळे इथेच चुकतो, टेकलं की हात सरळ करतो.

उसळी आली तर ती दुरुस्त करायच्या नादी लागू नका. लहान उसळी असेल तर स्टिक मागे धरून परत टेकू द्या. मोठी असेल किंवा विमान वाकडं टेकलं असेल तर थ्रॉटल पूर्ण, उजवा पाय, आणि पुन्हा फेरी, म्हणजेच गो-अराउंड. माझ्या लॉगबुकात अशा अकरा फेऱ्या आहेत आणि त्यांतली एकही मला वाया गेली असं वाटत नाही.

जायच्या आधी इथे सेसनावरच सुरुवात करा, त्याला जादा पैसे लागत नाहीत. प्रत्येक लँडिंग मधल्या रेषेवर करा, चार फूट बाजूला चालवून घेऊ नका. टेकल्यावर योक (सेसनातलं हाताचं स्टिअरिंग) मागे धरा. साइडस्लिप, म्हणजे एक पंख खाली आणि उलटा रडर, घासून घ्या. उंचावर नाक एकाच बिंदूवर ठेवून पंख डावीउजवीकडे झुकवायचा सराव करा, एलेरॉनबरोबर पाय कसा लागतो ते त्यातच कळतं.

अमेरिकेत यासाठी वेगळं लायसन्स नसतं, लॉगबुकात इन्स्ट्रक्टरची सही लागते. तासांची किमान अट नाही. साध्या आणि आडव्या वाऱ्यातल्या टेकऑफ-लँडिंग, व्हील लँडिंग आणि गो-अराउंड, एवढं तुम्हाला येतं याची त्यांना खात्री पटली पाहिजे. एका शनिवार-रविवारात सही मिळवून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊ नका. तुमच्या भारतीय लायसन्सच्या पडताळणीचे कागद मात्र आत्तापासूनच पाठवा.

सोलापूरचं सांगतो. इथे अशी विमानं कधी चालणारच नाहीत असं काही नाही. आपल्या देशात पिढ्यान् पिढ्या शेपटीच्या चाकावरच शिकल्या. १९५१मध्ये उडालेलं एचटी-२ डॉ. विष्णू माधव घाटगे या मराठी माणसाच्या नेतृत्वाखाली तयार झालं आणि हवाई दलाच्या कितीतरी तुकड्या त्यावर शिकल्या. १९५८चं पुष्पक, शेजारी-शेजारी दोन सीटांचं आणि ९० अश्वशक्तीचं, देशभरातल्या फ्लाइंग क्लबांत होतं. दोन्ही टेलव्हील. पण हवा ध्यानात घ्या. आपलं गाव सुमारे दीड हजार फुटांवर आहे. मे महिन्यात दुपारी ४२ अंश असेल तर विमानाच्या दृष्टीने ती हवा पाच हजार फुटांवरच्या हवेइतकी विरळ असते. स्पीड इंडिकेटर नेहमीचाच आकडा दाखवतो, जमिनीवरचा खरा वेग मात्र सात-आठ टक्के जास्त असतो, आणि जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणून त्या वळू पाहणाऱ्या शेपटीत तो साधारण पंधरा टक्के जास्त. त्यात दुपारच्या वावटळी. थांबलेल्या सेसनाला नुसती हलवणारी वावटळ टॅक्सी करणाऱ्या हलक्या टेलव्हीलला फिरवू शकते. विमानतळाच्या आड येणारी साखर कारखान्याची चिमणी पडली, २०२५पासून गोव्याचं विमान येतंय, उद्या कुणी हलकी विमानंही आणेल अशी मला मनापासून आशा आहे. आणली तर उन्हाळ्यात सकाळी नऊच्या आत उडायचं.

बूट पातळ तळाचे घ्या. मी पहिल्या दिवशी जाड सोलचे स्पोर्ट्‌स शूज घालून गेलो होतो, पायाला पेडल कळतच नव्हतं.

मला सही मिळाली ती बाराव्या तासानंतर. सही करताना बाईंनी लॉगबुकाच्या आतल्या पानावर पेन्सिलीने लिहिलं: आडवा वारा पाच नॉट, त्यावर एकट्याने नाही. दोन महिन्यांनी माझ्याबरोबर परत तीन तास उडून त्यांनी तो आकडा खोडला आणि आठ लिहिला. तुमचे इन्स्ट्रक्टर आपणहून देत नसतील तर त्यांच्याकडून असा आकडा मागून घ्या.