‘बायजेमिनी’चा अहवाल आणि ऑक्सिमीटरवरचे ३९

डिचोली तालुक्यातील एक शिक्षिका (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत) ईसीजी घेऊन समुपदेशनासाठी आल्या, तेव्हा त्यावरील ‘व्हेंट्रिक्युलर बायजेमिनी’ या शब्दांपेक्षा घरच्या ऑक्सिमीटरने दाखवलेल्या ३९ या नाडीच्या आकड्याने त्या अधिक धास्तावल्या होत्या. “हृदय बंद पडत चाललंय का?” हा त्यांचा प्रश्न आमच्याकडे वारंवार विचारला जातो.

निदान हृदयरोगतज्ज्ञांनी केलेलेच होते. मी कागद पुढे ठेवून म्हटले, “बाई, हा रुंद, वेळेआधी आलेला ठोका खालच्या कप्प्यातून निघाला आहे. एक नेहमीचा आणि एक असा, हा क्रम म्हणजे बायजेमिनी. दोन नेहमीचे आणि तिसरा असा, तर ट्रायजेमिनी.” वेळेआधीच्या ठोक्यापूर्वी कप्पा पुरेसा भरलेला नसल्यामुळे रक्त थोडेच बाहेर पडते, त्याची लाट बोटापर्यंत पोहोचतेच असे नाही, आणि मग यंत्र निम्मेच ठोके मोजते, ईसीजीवर त्यांचे ठोके मिनिटाला ७८ होते. पाठोपाठ येणाऱ्या विरामात कप्पा अधिक भरतो, म्हणून छातीत जो जोराचा धक्का जाणवतो तो बहुधा पुढच्या, नेहमीच्या ठोक्याचा असतो. हे कळल्यावर त्यांचा चेहरा सैलावला.

क्रमाच्या नावावरून मात्र धोका ठरत नाही. हृदयाची रचना, पंपाची ताकद, लक्षणे आणि २४ तासांच्या होल्टरमधील (अंगावर लावून सलग ईसीजी नोंदवणारे छोटे यंत्र) अशा ठोक्यांचे प्रमाण पाहावे लागते. ते १० टक्क्यांच्या पुढे गेले, तर पंपाच्या ताकदीवर लक्ष ठेवतात. असे तीन किंवा अधिक ठोके सलग, मिनिटाला शंभरहून जास्त गतीने आले, तर ती व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया होय, आणि तेथे मी धीर देत बसत नाही, तज्ज्ञांकडेच पाठवते.

बाईंचा इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला होता, होल्टरमधील प्रमाण ६ टक्के होते. रक्तातील पोटॅशियम मात्र कमी निघाले (त्यानेही असे ठोके वाढू शकतात), कारण रक्तदाबासाठी त्या लघवी वाढवणारी गोळी घेत होत्या. डॉक्टरांनी ती बदलली. “हे ठोके पूर्ण घालवणारं औषध द्या ना,” असा त्यांचा आग्रह होता. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांवरील ‘कास्ट’ चाचणीत असे ठोके दाबणाऱ्या फ्लेकेनाइड आणि एन्केनाइड या औषधांमुळे मृत्यू वाढल्याचे १९८९ मध्ये दिसून आले, हे मी त्यांना मुद्दाम सांगितले. त्यांचे हृदय तसे नव्हते. तरीही केवळ कागद स्वच्छ दिसावा म्हणून गोळी घेऊ नये, असे मला मनापासून वाटते.

पुढील तपासणीपर्यंत पोटॅशियम पुन्हा तपासायचे आणि नाडी यंत्रावर न पाहता छातीवर स्टेथोस्कोप लावून मोजून घ्यायची, असे ठरले. शुद्ध हरपली, छातीत दुखले किंवा दम लागला, तर तारखेची वाट न पाहता थेट रुग्णालय गाठायचे.