पदकाचा टवका उडालाय, विक्रेता म्हणतो ‘खासगी विक्री’

प्रश्न: मी जर्मनीत लाइपझिगला राहतो. ड्रेस्डेनचे सेम्पर ऑपेरागृह 13 फेब्रुवारी 1985 रोजी पुन्हा उघडले, त्या स्मरणार्थ काढलेले मायसेन या जर्मन कारखान्याच्या पोर्सिलेनचे (चिनी मातीचे) पांढरे पदक ऑनलाइन घेतले. वर्णनात ‘निर्दोष’ असे लिहिले होते. चार दिवसांपूर्वी पार्सल आले. खोका ठीक होता, पण पदकाच्या कडेचा टवका उडालेला आहे. विक्रेता म्हणतो, ‘खासगी विक्री आहे, परत घेणार नाही.’

उत्तर: पदक धुऊ नका, चिकटवू तर मुळीच नका. खोका आणि आतले वेष्टनही ठेवा. बाहेरून न दिसणारे नुकसान पार्सल मिळाल्यापासून सात दिवसांत वाहतूकदाराला लेखी कळवायचे असते, म्हणजे तुमच्या हातात तीनच दिवस आहेत. आजच ईमेल करा. भरपाई मागायचा हक्क पार्सल घेणाऱ्यालाही असतो.

मग टवक्याची जागा भिंगातून पाहा. बिनझिलईच्या पोर्सिलेनचा ताजा तुटका भाग स्वच्छ पांढरा दिसतो, बोटाला धारदार लागतो, कधी तुकडाही खोक्यात सापडतो. जुन्या टवक्यात धूळ मुरून तो करडा होतो. पट्टी शेजारी ठेवून तिरप्या उजेडात फोटो काढा.

हे एवढे का पाहायचे? विक्रेता खरोखरच खासगी असेल, तर वस्तू वाहतूकदाराच्या हाती दिली की वाटेतली जोखीम तुमची (जर्मन नागरी संहिता, कलम 447). टवका ताजा असेल तर त्याच्याविरुद्ध मुख्य मुद्दा उरतो तो ढिसाळ पॅकिंगचा. टवका जुना असेल तर मात्र बाजू तुमची भक्कम. ‘निर्दोष’ हे वर्णन करारातला गुण ठरते आणि ‘हमी नाही’ या सरसकट वाक्याने ते पुसले जात नाही, असे जर्मन न्यायालयांनी मानले आहे.

त्याच्या इतर जाहिरातीही तपासा. सतत, डझनांनी पोर्सिलेन विकणारा माणूस स्वतःला काहीही म्हणवो, कायद्याने तो व्यापारीच. तसे असेल तर वाटेतली जोखीम त्याची, वर्षभरात दिसलेला दोष मुळातलाच असे गृहीत धरले जाते, आणि कारण न देता 14 दिवसांत करार मागे घेता येतो. या हक्काची माहितीच त्याने दिली नसेल, तर मुदत आणखी 12 महिने वाढते.

1945 च्या 13 फेब्रुवारीलाच बॉम्बफेकीत सेम्पर ऑपेरागृह बेचिराख झाले होते. बरोबर 40 वर्षांनंतरच्या त्या दिवसाचे पदक संग्राहक अखंड असावे म्हणूनच घेतो. त्यामुळे ‘किरकोळ दोष’ हे उत्तर स्वीकारू नका. जाहिरातीचा स्क्रीनशॉट आणि फोटो जोडून पत्र पाठवा, त्यात तारीख घालून 14 दिवसांची मुदत द्या आणि पूर्ण रक्कम परत किंवा किमतीत कपात, यांपैकी एकच मागणी स्पष्ट करा. परतीचा खर्च कोण देणार हे लेखी ठरेपर्यंत पदक पाठवू नका.