पासवर्ड लावलाच नव्हता, मग लॅपटॉप मागतोय काय?

प्रश्न : ताई, काल रात्री लॅपटॉपवर अपडेट आलं, मी ते तसंच चालू ठेवून झोपले आणि सकाळी बघते तर निळी स्क्रीन, वर लिहिलंय बिटलॉकर रिकव्हरी आणि खाली ४८ आकड्यांची की, म्हणजे किल्ली, मागतोय. मी आयुष्यात कधी बिटलॉकर नावाचं काही चालू केलेलं नाहीये. नेहमीचा पासवर्ड टाकून बघितला तर अक्षरच उमटत नाही. मुलीचा प्रोजेक्ट, सगळे फोटो आत आहेत. ओळखीतला एकजण म्हणतो फॉरमॅट मारून दहा मिनिटांत चालू करून देतो. देऊ का?

उत्तर : आधी त्या ओळखीतल्याला थांबवा. लॅपटॉप तो खरंच दहा मिनिटांत चालू करून देईल, पण रिकामा. फोटो गेले ते गेले.

तुम्ही काही चालू केलं नाही हे शंभर टक्के खरं असणार. मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज ड्राइव्ह आपणहून एन्क्रिप्ट करून, म्हणजे कुलपात घालून टाकतं (त्या कुलपाचंच नाव बिटलॉकर), विचारत वगैरे काही नाही, आणि २०२४ मध्ये आलेल्या विंडोज ११ च्या २४एच२ व्हर्जनपासून तर हे आणखी जास्त मशीनवर व्हायला लागलंय. या कुलपाची रोजची किल्ली टीपीएम नावाच्या चिपमध्ये असते. मशीन सुरू होताना चिप बघते की सगळं कालच्यासारखंच आहे ना, असलं तर गुपचूप किल्ली देते, आपल्याला कळतसुद्धा नाही. पण बायोस (विंडोजच्या आधी मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) अपडेट झालं, सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयीचं सेटिंग हललं किंवा मदरबोर्ड बदलला की ती अडून बसते. मालकाने दाढी काढल्यावर घरचाच कुत्रा भुंकतो ना, तसं. जुलै २०२४ च्या एका विंडोज अपडेटनंतर अशी स्क्रीन काही लोकांना दिसली होती, त्यांनीही काही केलं नव्हतं, पुढच्या महिन्याच्या अपडेटमध्ये ते दुरुस्त झालं. त्यामुळे स्वतःला दोष देत बसू नका.

आता कामाचं. पेन ड्राइव्ह, डॉक (बाकीच्या वायरी जोडायचा डबा) असं काही लावलेलं असेल तर काढा आणि एकदा रीस्टार्ट करा, कधीकधी तेवढ्यावरच भागतं. नाही भागलं तर मोबाइलवरून मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या वेबसाइटवर लॉगिन करा, तिथे डिव्हाइसेसमध्ये रिकव्हरी की असतात. आपोआप एन्क्रिप्ट झालेल्या मशीनची की बहुतेक वेळा तिथे गेलेली असतेच, हा त्यातला मोठा दिलासा. लोक अडकतात ते भलत्याच ठिकाणी, अकाउंट नक्की कुणाचं इथे. लॅपटॉप नवा असताना पहिल्यांदा सेटअप कुणी केला आठवा, मुलीने केला असेल तर की तिच्या अकाउंटमध्ये असेल, दुकानातल्या माणसाने भलताच ईमेल टाकून दिला असेल तर त्या ईमेलमध्ये, आणि एकदा जरी ऑफिसचं अकाउंट जोडलं असेल तर ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारा. तिथे दोन-तीन की दिसल्या तर गोंधळू नका, स्क्रीनवर की आयडी म्हणून जे दिसतंय त्याची पहिली आठ अक्षरं जुळतात ती आपली.

अक्षर उमटत नाही कारण त्या रकान्यात फक्त आकडे चालतात. सहा-सहा आकड्यांचे आठ गट असतात. एकाने वाचायचं, दुसऱ्याने टाकायचं, एकट्याने डोळे फाडून करू नका. यात एक गंमत आहे, प्रत्येक गटाला ११ ने पूर्ण भाग जातो, म्हणून एखादा आकडा चुकला तर मशीनला तिथल्या तिथे कळतं. तुम्ही कागदावर उतरवलेली की घेतच नसेल तर कॅल्क्युलेटरवर एकेक गट ११ ने भागून बघा, ज्याला बाकी उरते तो गट उतरवताना चुकलाय. ७ आणि १ ने मला बऱ्याचदा रडवलंय.

आणि माझा शहाणपणा पण ऐका. मी की जपून ठेवायची म्हणून सेव्ह करायला गेले तर विंडोजने त्याच ड्राइव्हवर ठेवू दिली नाही, मग मी हुशारीने प्रिंट टू पीडीएफ केलं आणि ती पीडीएफ ठेवली कुठे, तर त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर! किल्ली कपाटात टाकून कपाट लावल्यासारखं. नशीब, अकाउंटमध्ये एक कॉपी होती. तुम्ही आत शिरलात की आधी की कागदावर लिहून घराच्या कागदपत्रांत ठेवा.

कुठेच सापडली नाही तर? मग वाईट बातमी आहे. मायक्रोसॉफ्टचा सपोर्टसुद्धा की काढून देऊ शकत नाही, ड्राइव्ह दुसऱ्या मशीनला लावूनही उपयोग नाही. तेव्हा फॉरमॅट, पण ते सगळे ईमेल शोधून झाल्यावर.

प्रश्न : बाबांच्या जुन्या विंडोज ७ च्या लॅपटॉपवर ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे’ असा फोन आला, बाबांनी त्यांना रिमोटवर आत घेतलं, पैसे द्यायला नाही म्हटल्यावर फोन आपटला. आता चालू केलं की छोटा बॉक्स येतो, स्टार्टअप पासवर्ड टाका. त्यांना पैसे देऊन मोकळं व्हावं का?

उत्तर : अजिबात नाही. एकदा दिले की परत मागतील. हा बॉक्स सिसकी नावाच्या विंडोजच्याच जुन्या सोयीचा आहे, १९९७ च्या आसपास विंडोज एनटी ४ मध्ये आलेली, आणि असल्या भामट्यांनी तिचा इतका गैरवापर केला की २०१७ मध्ये विंडोज १० च्या १७०९ व्हर्जनमधून मायक्रोसॉफ्टने ती काढूनच टाकली. बाबांच्या मशीनमध्ये अजून आहे, म्हणून हे झालं.

पण वरच्या ताईंपेक्षा तुमचं बरंय. सिसकी फाइल्सना हात लावत नाही, लॉगिनच्या पासवर्डांची माहिती तेवढी कुलपात घालते. ड्राइव्ह काढून दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा, फोटो, कागदपत्रं सगळं दिसेल, आधी कॉपी करून घ्या. मग विंडोजच्या डिस्कवरून मशीन सुरू करून सिस्टिम रिस्टोर, म्हणजे विंडोज मागच्या तारखेच्या स्थितीला नेणारी सोय, बघा. मागे जायला लागणारे रिस्टोर पॉइंट भामटे बहुतेक उडवून जातात, तरी रेगबॅक फोल्डरमध्ये रजिस्ट्रीची (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीची) जुनी कॉपी असू शकते, जाणकाराकडून ती परत बसवून घ्या. त्याने तारीख मात्र बघावी, कॉपी फोनच्या आधीची पाहिजे. मी असते तर फाइल्सची कॉपी काढून सरळ नवीन विंडोज टाकलं असतं, त्यांनी आत आणखी काय पेरून ठेवलंय कोण शोधत बसणार.

आणि हे सगळं नंतर. आत्ता लगेच दुसऱ्या मशीनवरून बाबांचे बँकेचे आणि ईमेलचे पासवर्ड बदला, बँकेला फोन करा. बाबांना ओरडू नका, ते आधीच खजील असतील, ओरडलात तर पुढच्या वेळी सांगणारच नाहीत.

प्रश्न : विंडोज यायच्या आधीच काळ्या स्क्रीनवर पासवर्ड मागतोय. आतली छोटी बॅटरी काढून ठेवली की जातो म्हणे?

उत्तर : जुन्या डेस्कटॉपवर जायचा. आताच्या बहुतेक लॅपटॉपमध्ये बायोसचा पासवर्ड वेगळ्या चिपमध्ये असतो, बॅटरी काढून काही होत नाही, उगाच पाठ उघडून एखादी केबल तुटायची. अंदाजपंचे टाकत बसू नका, बऱ्याच मॉडेलवर तीन चुका झाल्या की सिस्टिम डिसेबल्ड असं येतं आणि एक कोड दिसतो, त्याचा फोटो काढा आणि खरेदीचं बिल घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. लॅपटॉप सेकंडहँड असेल तर आधी ज्याच्याकडून घेतलात त्याला फोन लावा.