माउस तिच्या हातातून घेऊ नका

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गावच्या वाचनालयाला सहा जुने लॅपटॉप मिळालेत, त्यांवर विंडोज १० आहे, तिचे नेहमीचे सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले आणि विंडोज ११ त्या मशीनवर चढत नाही. म्हणून बचत गटातल्या अकरा जणींना लिनक्स, म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी मोफत प्रणाली, शिकवायचं तुम्ही ठरवलंत. पहिल्या शनिवारी दोन तास बोललात. दुसऱ्या शनिवारी तिघीच आल्या. बाकीच्यांनी निरोप पाठवला, "आम्हाला नाही जमायचं दादा, काही बिघडलं म्हणजे?" यांची भीती कशी घालवू, असं तुम्ही विचारलंय.

मी नऊ वर्षं हेच काम करते आहे. आधी शाळेत शिक्षिकांबरोबर केलं, आता निवृत्त झाल्यावर वाचनालयात करते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

"बिघडलं म्हणजे?" हा तुमच्या सगळ्या पत्रातला सर्वात महत्त्वाचा शब्द आहे. माझ्या वर्गातल्या एका ताईंनी त्याचा अर्थ मला उलगडून सांगितला. त्यांच्या घरी कॉम्प्युटर आला तो मुलाच्या इंजिनिअरिंगसाठी. पाच वर्षं त्यांनी तो रोज पुसला, त्याच्यावर भरतकामाचं कापड घातलं, पण चालू कधी केला नाही. एकदा केला होता, आणि त्याच दिवशी योगायोगानं तो बंद पडला. घरात येणाऱ्या प्रत्येकानं एकच विचारलं, "तू हात लावला होतास का?" दुरुस्तीवाल्यानं पॉवर सप्लाय जळाल्याचं सांगितलं, तरी तो प्रश्न त्यांच्या मनात राहिला तो राहिलाच. अशा बाईला आपण जेव्हा "घाबरू नका हो, काही होत नाही" म्हणतो, तेव्हा ते तिला खरं वाटत नाही, कारण तिच्या बाबतीत झालेलं असतं. तिला मशीनची भीती नाही. मशीन दुसऱ्याचं आहे आणि दोष आपल्यावर येणार, हे तिला अनुभवानं माहीत आहे. म्हणून समजावणं सोडा आणि दोन गोष्टी करा: बिघडणार नाही हे तिला डोळ्यांनी दिसू द्या, आणि मशीनमधला काही भाग तरी पूर्णपणे तिचा करा.

पहिल्या गोष्टीसाठी लाइव्ह पेन ड्राइव्हसारखं, म्हणजे मशीनवर न बसवता थेट लिनक्स चालवणाऱ्या पेन ड्राइव्हसारखं, दुसरं साधन नाही. लिनक्स मिंट हा लिनक्सचा सोपा प्रकार घ्या. फाइल जवळपास तीन जीबीची असते, आठ जीबीचा पेन ड्राइव्ह पुरतो. लॅपटॉपची रॅम चार जीबी किंवा कमी असेल तर एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी चालते. रूफस किंवा बलेना एचर हा छोटा प्रोग्राम वापरून फाइल पेन ड्राइव्हवर उतरवा, पेन ड्राइव्ह लावून मशीन सुरू करा आणि बूट मेन्यूची कळ दाबा: डेल आणि लेनोवोला बहुधा एफ-१२, एचपीला एस्केप आणि मग एफ-९. लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालू होतं, आतल्या हार्ड डिस्कवर काही लिहिलं जात नाही. सिक्युअर बूट (मशीन सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) बंद करायच्या भानगडीत पडू नका, मिंटला त्याची सहसा गरज पडत नाही. शिवाय एखाद्या मशीनवर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) चालू असेल तर त्या सेटिंगला हात लावल्यावर विंडोज रिकव्हरी की मागत बसते. वर्गात, सगळ्यांसमोर असं झालं की झालंच, पुढचे दोन महिने कुणी फिरकणार नाही. ही सगळी तपासणी आदल्या दिवशी एकट्यानं करा.

आता पहिला तास. त्यात काहीही शिकवू नका. मी सांगते, "आज हे बिघडवायचं आहे." खालची पट्टी काढून टाका, पार्श्वभूमी बदला, अक्षरं भिंगातून पाहिल्यासारखी मोठी करा, जे दिसेल ते इकडचं तिकडं करा. सुरुवातीला कुणी हलत नाही. मग एखादी पट्टी काढते, आणि पडद्यावर खाली काहीच उरत नाही. श्वास रोखले जातात. मी म्हणते, मशीन बंद करा, पुन्हा चालू करा. दीडेक मिनिटानं पट्टी जागच्या जागी, सगळं पहिल्यासारखं. हे पाहिल्यावर खोलीत जे होतं ते मी दरवेळी पाहते आणि दरवेळी मला तितकाच आनंद होतो. दुसरी म्हणते, "थांब, मला अजून काढू दे." पाऊण तासात सगळ्यांनी सगळं मोडून पाहिलेलं असतं.

मात्र एक गोष्ट आधी स्पष्ट सांगा. लाइव्ह मिंटच्या डेस्कटॉपवर 'इन्स्टॉल लिनक्स मिंट' असा एक आयकॉन असतो. फक्त तो उघडायचा नाही. घरच्या मशीनवर पेन ड्राइव्ह लावणार असाल तर फाइल मॅनेजरमध्ये दिसणाऱ्या हार्ड डिस्कमध्येही शिरायचं नाही, कारण तिथल्या फाइली खऱ्या असतात आणि खोडल्या तर खरोखर जातात. "काहीही करा" असं मोघम सांगून नंतर काही निघालं, तर तुमच्या शब्दावरचा विश्वास गेला. काय सुरक्षित आणि काय नाही याची रेघ नेमकी ओढून दिलीत, तर त्या रेघेच्या अलीकडे त्या बिनधास्त वावरतात.

दुसरी गोष्ट, मशीन तिचं करणं. वाचनालयाच्या लॅपटॉपवर मिंट कायमचं बसवाल तेव्हा सगळ्यांसाठी एकच खातं करू नका. प्रत्येकीचं वेगळं खातं करा आणि पासवर्ड तिनं स्वतः टाकावा, तुम्ही तोंड फिरवून उभं राहा. खात्याचं आतलं नाव रोमन लिपीत लागतं, पण पूर्ण नाव देवनागरीत देता येतं आणि सुरुवातीच्या पडद्यावर तेच दिसतं. आपलं नाव मराठीत तिथं लिहिलेलं दिसलं की चेहरा कसा होतो ते तुम्हीच पाहाल. आमच्याकडच्या बहुतेकींची बँकेची ओटीपीसुद्धा घरातल्या दुसऱ्याच्या फोनवर येते. ज्याची किल्ली फक्त आपल्याकडे आहे असं हे त्यांचं पहिलंच दार असतं.

आणि माउस. याबाबतीत मी कडक आहे. तिचं काही अडलं तर वाकून तिच्या हातातला माउस घेऊ नका, कीबोर्डवर हात टाकू नका. दोन सेकंदांचं काम असलं तरी नाही. बोटानं दाखवा, तोंडानं सांगा, वाट पाहा. तुम्ही माउस घेतलात की दोन सेकंदांत काम होतं आणि "हे मला येत नाही, दादांना येतं" एवढंच ती शिकते. माझ्या वर्गात मदतीला कॉलेजची मुलं येतात. त्यांना मी हात पाठीमागे बांधून उभं राहायला सांगते, अक्षरशः. गुणी मुलं आहेत, पण हात शिवशिवतात.

बोलण्याबद्दलही थोडं. "इतकं सोपं आहे की कुणालाही जमेल" हे वाक्य टाळा, कारण मग तिला नाही जमलं तर ती कुणाच्याही खाली गेली. स्वयंपाकघराच्या उपमाही नकोत. कमांड म्हणजे रेसिपी, हार्ड डिस्क म्हणजे फडताळ, असं पूर्वी मीही सांगायचे. एका खजिनदार बाईंनी मला शांतपणे विचारलं, "मॅडम, मी चार लाखांच्या अंतर्गत कर्जाचा हिशेब ठेवते. मला फडताळ कशाला?" त्या दिवसापासून सोडलं. आणि लिनक्सचं मोठेपण सांगायची घाई करू नका. जगातले सगळ्यात वेगवान पाचशे सुपरकॉम्प्युटर २०१७ पासून लिनक्सवर चालतात हे खरं, तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन लिनक्सच्याच कर्नलवर, म्हणजे गाभ्यावर, उभा आहे हेही खरं. पण ज्याला आधीच आवड आहे त्यालाच ते ऐकून बरं वाटतं. पहिल्या शनिवारी तुमचे दोन तास यातच गेले असावेत असा माझा अंदाज आहे.

त्यापेक्षा तिचं स्वतःचं काम घ्या. बचत गटाची नोंदवही लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा मोफत प्रोग्राम) उतरवणं हा माझ्याकडे नेहमी दुसरा पाठ असतो: सभासद, मासिक बचत, कर्ज, व्याज, शिल्लक. फाइल एक्सएलएसएक्स म्हणून साठवली की बँकेतल्या माणसालाही उघडते. बेरजेचं सूत्र एकदा खाली ओढलं आणि महिन्याचे आकडे आपोआप आले, की "हे रात्री अकरापर्यंत बसून करत होते मी" असं कुणीतरी म्हणतंच. शिवणकाम करणाऱ्या असतील तर इंकस्केप हा चित्रं काढायचा प्रोग्राम दाखवा, आणि भरतकामाचं मशीन असेल तर त्याला जोडायचं इंक-स्टिच. ते मोफत आहे आणि डीएसटी, पीईएस अशा मशीनच्या फाइली करून देतं. इंकस्केपमध्ये एक पाकळी काढून तिच्या फिरत्या आठ प्रती करता येतात, आणि मूळ पाकळी वाकवली की आठही वाकतात. रांगोळी काढणाऱ्या हातांना यात काही शिकवावं लागत नाही. मागच्या दिवाळीत आमच्या दोघींनी अशी वीस नक्षीपानं करून छापून विकली.

मराठी टायपिंग पहिल्या महिन्यातच आणा. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा इनस्क्रिप्ट (सरकारी प्रमाण मांडणी) आणि फोनेटिक (उच्चारानुसार) असे दोन्ही लेआउट तयार असतात, इंटरनेटही लागत नाही. आयबस या टायपिंगच्या प्रोग्रामसाठी एम-१७-एन ही जोडणी बसवलीत तर गमभनच्या (रोमन अक्षरांतून मराठी लिहायच्या) सवयीनं लिहिणाऱ्यांनाही त्यांची पद्धत मिळते. फोनवर 'namaskar' छाप लिहायची सवय असलेल्यांना फोनेटिक द्या. टायपिंगची सरकारी परीक्षा दिलेल्यांना मात्र त्यांचाच लेआउट द्या, नवा लादू नका. एक अडचण ठाऊक असू द्या: गटाची जुनी पत्रं श्रीलिपी किंवा तसल्या जुन्या फाँटमध्ये असतील तर इथं ती निरर्थक अक्षरांची दिसतील. ती आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या प्रमाण अक्षरांत, बदलून घ्या, नाहीतर "माझी फाइल लिनक्सनं खाल्ली" असंच वाटणार. पडद्यावरचे मेन्यू मराठीत करायचे की इंग्रजीत, हे मात्र प्रत्येकीला ठरवू द्या. भाषांतर अर्धवट आहे, काही मराठी शब्द इंग्रजीहून अवघड आहेत. आमच्यातली एक तरुण मुलगी आता मिंटचे असे शब्द लाँचपॅड या भाषांतराच्या संकेतस्थळावर सुधारते, आणि योग्य शब्द कोणता यावर शनिवारी आमच्यात कडाडून वाद होतात.

जिथं नाही म्हणायचं तिथं स्पष्ट नाही म्हणा. एखादीचं पोट टॅलीवर किंवा कोरलड्रॉवर चालत असेल, डिजिटल सहीचा डोंगल रोज लागत असेल, तर तिला लिनक्सवर खेचू नका. वाइनसारख्या (लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या) उपायांवर कधी चालतं, कधी नाही, आणि तिच्या रोजीरोटीवर आपण प्रयोग करू नये. तिला लाइव्ह पेन ड्राइव्ह द्या, बाकी तिच्यावर सोडा.

कुणीतरी कधीतरी विचारेल, "पण दादा, एवढं कशाला? विंडोज येतं की थोडंफार." तेव्हा मी कॅरन सँडलर यांची गोष्ट सांगते. अमेरिकेतल्या वकील. हृदयाच्या आजारामुळे त्यांच्या छातीत डिफिब्रिलेटर, म्हणजे ठोके बिघडले तर विजेचा झटका देणारं यंत्र, बसवला. आतला प्रोग्राम मला पाहायचा आहे, असं त्यांनी विचारलं, आणि तो कुणी दाखवला नाही. पुढे गरोदरपणात त्यांची धडधड वाढली, बऱ्याच बायकांची वाढते तशी. त्या यंत्राला तो धोका वाटला आणि त्यानं नको असताना त्यांना झटके दिले. यंत्र बनवणाऱ्यांनी गरोदर बाईचा विचार फारसा केलाच नव्हता. लिनक्सवरचा ग्नोम हा मोफत डेस्कटॉप सांभाळणाऱ्या ग्नोम फाउंडेशनच्या त्या काही वर्षं प्रमुख होत्या. ही गोष्ट ऐकताना वर्ग अगदी शांत असतो. स्वतःच्या देहात बसवलेलं यंत्र, पण आत पाहायचा अधिकार नाही, हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

त्याच ग्नोमची आणखी एक गोष्ट तुमच्यासाठी, वर्गासाठी नाही. २००६ साली गूगलच्या विद्यार्थ्यांसाठीच्या उन्हाळी प्रोग्रामिंग उपक्रमासाठी त्यांच्याकडे १८१ अर्ज आले, त्यात बाईचा एकही नव्हता. मग त्यांनी खास विद्यार्थिनींसाठी वेगळी योजना जाहीर केली, तर शंभरच्या आसपास अर्ज आले. पुढे त्यातूनच आउटरीची हा अशांना मुक्त सॉफ्टवेअरमध्ये आणणारा उपक्रम उभा राहिला. त्या मुली आधीही होत्याच, "ये, ही जागा तुझी" असं त्यांना कुणी म्हटलं नव्हतं. तुमच्या न आलेल्या आठ जणींना व्हॉट्सॲपवर सामायिक निरोप पाठवू नका. आलेल्या तिघींना सांगा, प्रत्येकीनं दोघीतिघींना घरी जाऊन घेऊन यायचं. आणि वेळ विचारा. दुपारी दोन ते चार पाणी येतं का, बाजार असतो का, मुलं शाळेतून किती वाजता येतात? आमचा वर्ग चारवरून साडेअकराला आणला आणि हजेरी दुप्पट झाली. त्यात लिनक्सचा काही संबंध नव्हता.

येत्या शनिवारी सहा पेन ड्राइव्ह तयार ठेवा, आदल्या दिवशी सहाही मशीन एकदा चालू करून पाहा. विशेषतः वायफाय, कारण ब्रॉडकॉमची चिप असेल तर ड्रायव्हर वेगळा बसवावा लागतो. दोघीत एक मशीन चालेल, पण दर पंधरा मिनिटांनी माउस दुसरीकडे गेलाच पाहिजे. लॅपटॉपची मॉडेलं आणि वाचनालयातल्या प्रिंटरचा नंबर इथं लिहा. छापील कागद हातात पडला पाहिजे, म्हणून प्रिंटरचं मी शुक्रवारच्या आत पाहून सांगते.