डास सोडणार म्हणून पिंप उघडं ठेवू नका

पाऊस लागल्यापासून माझ्याकडे एकाच विषयावर विचारणा होतेय: डेंग्यू कमी व्हावा म्हणून सोडायचे जनुक बदललेले डास. प्रश्न बहुतेक सारखेच, म्हणून एकत्र उत्तरं.

असा डास चावला तर त्याचं जनुक आपल्या रक्तात शिरेल का? (दापोली)

नाही. सोडतात ते नर, आणि नर चावत नाहीत.

हे डास गुपचूप सोडल्यामुळेच डेंग्यू वाढला, असा मेसेज फिरतोय. (राजापूर)

पुढे पाठवू नका. आपल्या राज्यात जालन्याजवळ दावलवाडीला २०१७ साली यांच्या चाचण्या सुरू झाल्या, त्या जाळीबंद पिंजऱ्यांत. डेंग्यू त्याच्या कितीतरी आधीपासून आहे. शंका आली तर तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना विचारा.

सरकार असे डास सोडणारच असेल, तर दर आठवड्याला पिंपं घासायची कटकट कशाला? (गुहागर)

मला सगळ्यात जास्त धास्ती आहे ती याच समजुतीची. ब्राझील आणि फ्लोरिडात सोडलेले नर डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस इजिप्ती या एकाच जातीचे. फ्लोरिडात २०२१ साली सोडलेल्या नरांचं जनुक असं, की त्यांच्या पोटच्या माद्या अळी असतानाच मरतात. पण नर जुगतो तो आपल्याच जातीच्या मादीशी. आपल्या माडा-पोफळीच्या बागांत एडिस अल्बोपिक्टस आहे, तोही डेंग्यू पसरवतो. मलेरिया ॲनाफिलीसमुळे होतो, हत्तीरोग क्युलेक्समुळे. इजिप्तीचे नर कितीही सोडा, या तिघांना काही फरक पडत नाही.

गेल्या आठवड्यात जेटीवर टांगलेल्या जुन्या टायरमधलं वाटीभर पाणी मी पांढऱ्या ताटलीत ओतलं. माझी सावली पडताच अळ्या वळवळत तळाला गेल्या. जरा वेळाने एकेक वर आली आणि शेपटाकडची नळी पाण्याबाहेर काढून डोकं खाली करून लोंबकळत राहिली. तीसपर्यंत मोजल्या, पुढे सोडून दिलं.

नुसतं पाणी ओतून भागत नाही. एडिसची अंडी पाण्याच्या रेषेलगत भांड्याला चिकटतात आणि कोरडी पडली तरी महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून काथ्याने खसाखसा घासायचं. अंड्याचा डास व्हायला आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एकदा. करवंट्या पालथ्या घाला, पन्हळीतला पाला काढा, होडीवरच्या ताडपत्रीत साचलेलं पाणी झटका. विहिरीत गप्पी मासे सोडायचे तर आधी आरोग्यसेवकाशी बोला.

वोल्बाकियाचे डासही जनुकीयच ना? (मालवण)

नाही. तो कीटकांत निसर्गतः सापडणारा जिवाणू आहे. तो अंगात असलेल्या एडिसमध्ये डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. इंडोनेशियात योग्यकर्ता शहरातल्या चाचणीत डेंग्यू ७७ टक्क्यांनी कमी झाला. आपल्याकडे पुदुच्चेरीच्या संशोधन केंद्राने असे डास तयार केले आहेत.

आठवडी बाजारात डास पळवणारं आवाजाचं यंत्र मिळतं. घ्यावं का? (चिपळूण)

घेऊ नका. त्या आवाजाने डास पळत नाहीत. त्या पैशात मच्छरदाणी येते.

पपईच्या पानांचा रस देतोय. मुलाचा ताप उतरला, आता डॉक्टर कशाला? (देवगड)

आजच न्या. डेंग्यूत खरा धोका पुष्कळदा ताप उतरतानाच सुरू होतो. पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, पोर मलूल पडणं, यातलं एक जरी दिसलं तरी रात्र काढू नका. ॲस्पिरिन किंवा आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. रसाच्या भरवशावर दोन दिवस घालवून आलेली मुलं मी पाहिली आहेत.

या डासांनी माकडताप थांबेल का? (दोडामार्ग)

नाही, तो गोचिडीमुळे होतो. काजूबागेत जाऊन आल्यावर ताप आला तर प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि बागेत गेला होतात हे आधी सांगा.