बी.कॉम. करताना आधी एक्सेल शिकावं की डेटाबेस? बेळगावात राहून हे नीट शिकता येतं का?

तू लिहिलंयस की बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, खानापूरहून रोज बेळगावला येतेस. क्लासवाले ‘अ‍ॅडव्हान्स एक्सेल’ आणि ‘डेटाबेस’ असे दोन वेगवेगळे कोर्स सांगतायत, आणि घरी मामा म्हणतात की पुण्याला गेल्याशिवाय असल्या शिक्षणाला किंमत नाही. कुठला कोर्स आधी घेऊ, असा तुझा प्रश्न आहे. वयाने लहान आहेस म्हणून ‘तू’ म्हणते, राग मानू नकोस.

मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत बरीच वर्षं अकाउंट्स बघते. माझ्या मते हे दोन विषय नाहीतच. माहिती नीट मांडून ठेवायची कशी, एवढा एकच विषय आहे. ते ज्याला जमलं त्याला एक्सेलही येतं आणि पुढे डेटाबेसही येतो. ज्याला नाही जमलं त्याने पन्नास फॉर्म्युले पाठ केले तरी रिटर्नची तारीख जवळ आली की त्याची त्रेधा उडणारच. क्लासमध्ये हे शिकवत नाहीत. तिथे शॉर्टकट आणि रंगीत चार्ट शिकवतात, कारण ते दिसतं आणि त्यावर सर्टिफिकेट देता येतं.

हे मी कशावरून म्हणते ते सांगते.

१ जानेवारी २०२२ पासून जीएसटीचा नियम कडक झाला. पुरवठादाराने त्याच्या रिटर्नमध्ये बिल दाखवलं आणि ते आपल्या २बीमध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवर दर महिन्याला बनणाऱ्या आपल्या खरेदीच्या यादीत आलं, तरच इनपुट क्रेडिट, म्हणजे खरेदीवर भरलेल्या टॅक्सची वजावट. त्याआधी पाच टक्के जास्तीचं धरता यायचं, ते बंद झालं. २बी येतं १४ तारखेला, ३बी हे महिन्याचं रिटर्न भरायचं २० तारखेला. म्हणजे खरेदीचं रजिस्टर आणि पोर्टलची यादी ओळीनं ओळ जुळवायला मध्ये जेमतेम सहा दिवस, आणि त्यात एखादा रविवार.

आमचं खरेदीचं रजिस्टर तेव्हा सीनियर ठेवायचे. माणूस हुशार, तोंडी हिशोबात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्यांची शीट रंगांवर चालायची. पिवळी ओळ म्हणजे बिल आलं पण पेमेंट बाकी. हिरवी म्हणजे पोर्टलवर दिसलं. फिकट हिरवी म्हणजे पार्टीला फोन केलाय, ‘टाकतो’ म्हणालाय. महिन्याचं नाव आठ खणांवर मर्ज करून मधोमध, पार्टीचं नाव एकदाच लिहून खालच्या ओळी रिकाम्या, दर पानानंतर एक बेरजेची ओळ. त्यांना ते लख्ख कळायचं. नियम लागू झाल्यानंतर पहिल्यांदाच २बी आलं आणि ते नेमके घरच्या लग्नाला गावी गेलेले.

मी बिल नंबरावर व्हीलुकअप, म्हणजे एका यादीतला नंबर दुसऱ्या यादीत शोधणारा फॉर्म्युला, लावला. अर्ध्याहून जास्त ओळींत एरर आला. आता बारकाईनं बघ, कारण खरं शिकण्यासारखं इथेच आहे. पुरवठादाराचा बिल नंबर ‘०४७/२१-२२’, आमच्या ऑफिसातल्या पोरानं टाकलेला नुसता ‘४७’. काही नंबरांच्या शेवटी एक स्पेस, डोळ्यांना दिसत नाही पण एक्सेलला दिसते. एका पार्टीचे नंबर ‘१२-२१’ असे होते. ते टाइप केल्याबरोबर एक्सेलनं त्याची तारीख करून टाकली. खणात डिसेंबर २०२१ दिसायचं आणि आत आकडा होता ४४५३१. असा नंबर जगातल्या कुठल्याच बिलाशी जुळणार नाही. म्हणून बिल नंबराचा कॉलम आधी ‘टेक्स्ट’ करायचा आणि मगच टाइप करायला घ्यायचं.

हे सगळं साफ केल्यावरही एका पार्टीची बिलं अडून बसली होती. नाव बरोबर, रक्कम बरोबर, तरी पोर्टलला पत्ता नाही. हा पुरवठादार कोल्हापूरजवळच्या शिरोलीचा, पण त्याचा एक डेपो बेळगावातही. तुला माहीत आहेच, जीएसटी नंबरातले पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्र २७ आणि कर्नाटक २९, आणि पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. मी ‘मिड’ फॉर्म्युल्याने तिसऱ्या अक्षरापासून दहा अक्षरं काढून पॅनचा वेगळा कॉलम केला आणि त्यावर पिव्हट, म्हणजे एकसारख्या नोंदी एकत्र करून दाखवणारा तक्ता, घातला. २बीच्या यादीत एकाच पॅनखाली दोन जीएसटी नंबर निघाले, एक २७ चा आणि एक २९ चा. आमच्याकडे टॅलीत, म्हणजे हिशोबाच्या सॉफ्टवेअरमध्ये, मात्र त्याचं एकच लेजर (खातं) होतं, २९ चं. शिरोलीहून थेट आलेला मालसुद्धा त्याच लेजरला, राज्यातल्या राज्यात लागतो तसा सीजीएसटी-एसजीएसटी अशा दोन हिश्श्यांत पडलेला. पोर्टलवर तो आयजीएसटीत, म्हणजे दोन राज्यांमधल्या व्यवहाराच्या टॅक्समध्ये दिसत होता. मालक एक, नाव एक, पॅन एक, पण टॅक्सच्या हिशोबाला त्या दोन वेगळ्या पार्ट्या.

त्या दिवशी मला ‘प्रायमरी की’, म्हणजे प्रत्येक नोंद दुसरीपासून वेगळी ओळखायची खूण, कळली. कॉलेजात व्याख्या पाठ केली होती, मार्कही मिळाले होते. पण नाव हे की म्हणून चालत नाही, पॅनसुद्धा चालत नाही, जीएसटी नंबरच लागतो, हे कळायला ती अडलेली बिलं लागली.

मग मी मूळ फाइल जशीच्या तशी बाजूला ठेवली आणि नवी शीट केली. एका ओळीत एकच बिल. हेडिंगची एकच ओळ. मर्ज केलेला एकही खण नाही, मध्ये बेरीज नाही. प्रत्येक ओळीत पार्टीचा जीएसटी नंबर पुन्हा. रंगाच्या जागी ‘स्थिती’ नावाचा कॉलम, त्यात शब्दात लिहायचं: आलं, बाकी, फोन केला. जीएसटी नंबर आणि साफ केलेला बिल नंबर जोडून एक मदतीचा कॉलम केला, आणि काऊंटिफ हा मोजणीचा फॉर्म्युला लावून तो कुठे दोनदा येतोय का ते तपासलं. दोनदा आलेलं बिल म्हणजे दोनदा टाकलेली खरेदी.

जुळणी दोन्ही बाजूंनी केली. आपलं बिल २बीमध्ये आहे का, हे सगळेच बघतात. उलटं फार थोडे बघतात, म्हणजे २बीमधलं बिल आपल्या रजिस्टरला आहे का. त्या उलट्या जुळणीत अशी बिलं सापडली जी अकाउंट्सपर्यंत पोचलीच नव्हती. मालाबरोबर आली आणि स्टोअरच्या ड्रॉवरमध्येच राहिली. ते आमचंच क्रेडिट होतं आणि कुणी मागितलं नसतं.

रिटर्न वेळेत गेलं. सीनियर परत आले, शीट बघितली आणि म्हणाले, “काय करालीस गं हे, कॉलमवर कॉलम? रंग बघितला की कळतंय की!” आणि मालकांनी विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की टॅलीतून काढलंय सगळं. मी समोरच उभी होते. तेव्हा काही बोलले नाही, पण त्याचं उत्तर आज तुला देते.

रंग हा डेटा नाही. फिल्टर रंगावर लागतो हे खरं, पण साधा फॉर्म्युला रंग वाचत नाही, टॅलीत रंग जात नाही, काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्ये पिवळं आणि फिकट हिरवं सारखंच दिसतं. सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्या रंगाचा अर्थ एकाच माणसाच्या डोक्यात असतो आणि तो माणूस लग्नाला गेला की ऑफिस आंधळं होतं. आधी कॉलम कर, मग हवं तर त्या कॉलमवरून कंडिशनल फॉरमॅटिंगने रंग दे. शीट ठेवणाऱ्याच्या सोयीची नसते, पुढे जो बसेल त्याच्या सोयीची असते. ज्याला आपल्याशिवाय काम अडावं असं वाटतं तोच रंगांची शीट ठेवतो, हे माझं स्पष्ट मत आहे आणि मी ते बदलणार नाही.

आता डेटाबेसचं. १९७० मध्ये आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी रिलेशनल मॉडेल मांडलं. तू पेपरात ‘फर्स्ट नॉर्मल फॉर्म, सेकंड नॉर्मल फॉर्म’ लिहितेस ते तिथूनच आलेलं. कामापुरता अर्थ असा की एक गोष्ट एकाच जागी लिहायची. पार्टीचा पत्ता प्रत्येक बिलाबरोबर लिहायचा नाही, पार्टीचं टेबल वेगळं आणि बिलाचं वेगळं, मध्ये जीएसटी नंबरचा दुवा. आमच्या जुन्या यादीत शहराच्या कॉलमात ‘बेळगाव’, ‘बेळगाम’, ‘बेळगावी’ आणि नुसतं ‘बीजीएम’ असे चार प्रकार होते. १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर नाव बदललं, त्याआधीचं एक, नंतरचं एक, आणि टाइप करणाऱ्याच्या मनाचं तिसरं-चौथं. नावाचा वाद मी इथे काढत नाही. पण पिव्हटला ती चार शहरं वाटतात, आणि सेल्सचा माणूस चार ठिकाणची विक्री घेऊन मीटिंगला जातो. शहराचं वेगळं टेबल करून डेटा व्हॅलिडेशनची यादी लावली, म्हणजे टाइप न करता यादीतूनच निवडायला लावलं, की हा प्रश्न पुन्हा येत नाही. आपल्याकडे एकच माणूस मराठीत, कन्नडात आणि इंग्रजीत तीन तऱ्हांनी लिहिला जातो, त्यामुळे नावावर जुळवायला जाऊच नये.

एवढं हातात बसलं की एसक्यूएल (डेटाबेसकडून माहिती मागायची भाषा) तुला परकं वाटणार नाही. मी जी दोन बाजूंची जुळणी केली तीच तिथे ‘लेफ्ट जॉइन’ने होते. जॉइन करायचा आणि दुसऱ्या बाजूला ‘नल’ (काहीच नाही) असलेल्या ओळी मागायच्या, की न जुळलेली बिलं समोर. पिव्हट म्हणजे ‘ग्रुप बाय’. शिकायला एसक्यूलाइट फुकट आहे, साध्या कॉम्प्युटरवर चालतं.

एक्सेल कुठे संपतं तेही माहीत असू दे. आत्ताच्या शीटमध्ये १०,४८,५७६ ओळी मावतात, जुन्या ‘एक्सएलएस’ फाइलमध्ये फक्त ६५,५३६. २०२० मध्ये इंग्लंडच्या आरोग्य खात्यात याच जुन्या फाइलपायी १५,८४१ कोरोना रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळले होते. फाइल उघडली म्हणजे सगळ्या ओळी आल्या असं धरायचं नाही. आधी मूळ ओळी मोजायच्या, मग आलेल्या मोजायच्या.

पुण्याचं म्हणशील तर मामांना दोष देत नाही, इथल्या प्रत्येक घरात हे बोललं जातं. पण या विषयासाठी गाव सोडायची गरज मला तरी दिसत नाही. निपाणी ओलांडून कागलला गेलं की राज्य बदलतं आणि बिलावरचे टॅक्सचे कॉलम बदलतात. चंदगडचा काजूवाला, गोकुळ शिरगावचा मशीनवाला, शहापूर-वडगावचा साडीवाला, या सगळ्यांच्या वह्यांत २७ आणि २९ शेजारी शेजारी आहेत. सरावाला याहून चांगला डेटा कुठला क्लास देणार?

थोड्या गोष्टी राहिल्या, त्याही सांगायला हव्यात. आता टॅलीतच २बीची जुळणी करता येते आणि ऑक्टोबर २०२४ पासून पोर्टलवर बिलं स्वीकारायची-नाकारायची सोयही आली आहे, त्यामुळे माझ्यासारखं सगळं हातानं करायची वेळ तुझ्यावर येईलच असं नाही. टॅली मात्र यायलाच हवी, इथल्या लहान कारखान्यात पहिली विचारणा तिचीच होते. बँकेत किंवा बेंगळुरूच्या आयटी कंपनीत डेटाचं काम करायचं असेल तर एसक्यूएल लवकर सुरू कर, पॉवर बीआय हे डेटाचे रिपोर्ट बनवायचं सॉफ्टवेअरही बघ. त्या बाजूचा मला अनुभव नाही, मी कारखान्याच्या टेबलावरून बोलते. क्लास लावूच नको असंही नाही. घरी कॉम्प्युटर नसेल तर लाव, निदान मशीन तरी हाताशी येईल. मोबाइलवर हे काम शिकता येत नाही. आणि कॉलेजच्या लॅबमध्ये जुनं व्हर्जन असेल तर व्हीलुकअपची नवी सुधारित आवृत्ती, एक्सलुकअप, मिळणार नाही, तिथे तेच काम करणारं इंडेक्स-मॅच शीक.

सुरुवात अशी कर. ओळखीच्या एखाद्या दुकानदाराकडून एका महिन्याची खरेदीची बिलं माग, परत देते म्हणून सांग. दोन टेबलं कर, एक पार्ट्यांचं आणि एक बिलांचं. पहिल्यात प्रत्येक जीएसटी नंबर एकदाच यायला हवा. मग त्याच दुकानदाराला त्या महिन्याचं २बी काढून द्यायला सांग आणि दोन्ही बाजूंनी जुळव. जी बिलं जुळली नाहीत त्यांच्यापुढे ‘का’ हे शब्दात लिही. ती यादी दुकानदाराला दाखव, आणि मग ठरव कुठला कोर्स लागतोय ते.